हजार वर, हजार खाली

यंत्रांनी बाजार ताब्यात घेतल्यापासून पडद्यावर सदान्‌कदा हजार शेअर वर, हजार खाली. सबनीसांना त्याचा वीट आला होता. पूर्वी चढत्यांचा आकडा फुगला की ते खरेदीला धावायचे आणि बाजारात शेजारी बसणारा फिरोज मुद्दाम तोच शेअर विकून म्हणायचा, “सबनीस, तू घेतलास ना, आता पडणार!” तो आहे की गेला, हेही आता ठाऊक नव्हतं.

आज वाढदिवस म्हणून त्यांनी हातानं एक शेअर घेतला. वरचा आकडा एकानं वाढला, यंत्रांनी लगेच सावरला. थोड्या वेळानं तोच शेअर पडला आणि खालचा आकडा एकानं वाढला.

“यंत्र बिघडलं वाटतं,” सून म्हणाली.

“छे गं, कुणीतरी हातानं विकलाय.” सबनीसांनी डोळे पुसले. “आहे, लेकाचा अजून आहे!”