दुपट्यांवरचे डाग

परंड्यातल्या आपल्या भंगाराच्या दुकानातून हुमेराच्या सासऱ्यांनी काचेचा एक जड गोळा घरी आणला. तो नजर ओढून घेतो असं सासूनं, मदिनाबीनं, ठरवून टाकलं आणि खिडकीत तान्ह्या नातीच्या, अलिजाच्या दुपट्यांच्या घडीवर ठेवला. तेव्हापासून दुपट्यांवर करपल्याचे डाग उमटायला लागले.

"बघ, किती नजर लागती पोरीला! तिला घेऊन उंबऱ्याभाईर पडायचं न्हाय," मदिनाबीनं हुमेराला बजावलं.

आठ दिवस हुमेरा घरात बसून डाग बघत राहिली. मग म्हणाली, "अम्मी, दोन दिवस आभाळ होतं, तेव्हा कुणाचीच नजर कशी लागली नाही?"

हुमेरानं गोळ्यामागं पुठ्ठ्याची पट्टी लावली. दुपारपर्यंत सूर्य सरकला तशी पट्टीवर जळकी रेघ ओढली गेली.

"हा हवामान केंद्रातला जुना गोळा आहे, अम्मी. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. ऊन किती तास पडलं ते यावर मोजायचे."

मदिनाबीनं रेघेवरून बोट फिरवलं, गोळा ओढणीत गुंडाळून कपाटात टाकला आणि अलिजाला हुमेराच्या हातात दिलं.

"जा, फिरवून आण. लोकांना बघू दे किती बघायचं ते. फकस्त उन्हात न्हेऊ नको."