कुठली डिस्क पुसायची?

"काकू, यात दोन डिस्क आहेत. विंडोज कुठल्या डिस्कवर टाकू? जिच्यावर टाकीन, तिच्यातलं सगळं पुसलं जाईल," दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटरचं झाकण उघडून विचारलं. दोन्हींवर ह्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'प्रद्युम्न', दुसरीवर 'मी'. हे जाऊन वर्ष झालं.

मी मेलबर्नला मुलाला फोन लावला. "बाबांचीच पुसायला सांग ना. त्यात काय असणार, कचरा! माझे फोटो राहू देत."

कचरा म्हणजे अर्धांगवायूनंतरची ह्यांची दोन वर्षं. वाचा पार गेली होती. डॉक्टर म्हणाले, रोज शब्द म्हणा, रेकॉर्ड करा, ऐका. पाणी, चहा, दार असं करत करत 'प्रद्युम्न' जमायला सात महिने लागले. एवढं अवघड नाव ह्यांनीच हौसेनं ठेवलेलं! जमलं त्या दिवशी मी ते मुलाला पाठवलं. त्याचा नुसता अंगठा आला.

दुरुस्तीवाला ताटकळला होता. "मुलाची पुसा," मी म्हटलं.

संध्याकाळी मुलाचाच फोन आला. "झालं का गं? गेलं ते सगळं?"

"तुझे फोटो गेले," मी म्हटलं. "तुझं नाव तेवढं राहिलंय, बाबांच्या आवाजात. लावू?"



"आई, त्या माणसाचा नंबर दे. फोटो परत मिळतात का विचारतो."