अठरा वर्षांनी लाल

"भिंतीकडे तोंड करून ठेव ते," ताई म्हणाली.

"नाही ठेवणार."

जमिनीवरून नुकतंच उचललेलं पुरुषभर उंचीचं चित्र स्टुडिओच्या मधोमध उभं होतं. काठापासून काठापर्यंत लाल, मधे रुंद पट्टीने खरवडून काढलेली एक वाकडी वाट. आजवर या घरातून फक्त निळी चित्रं बाहेर पडली होती. निळ्यात निळं, त्यात आणखी थोडं निळं. समीक्षकांना त्यात समुद्र दिसला, आकाश दिसलं, एकाला तर चक्क आईची माया दिसली. ताईच्या भावाला मात्र अलीकडे त्यात नुसता कंटाळा दिसत होता.

अकरा वाजता संग्रहालयाच्या संचालिका मोठ्या दालनासाठी चित्रं निवडायला येणार होत्या. ताईने सकाळपासून घर आवरलं होतं. आता ती अॅप्रन चढवून तयार होती. नखांत निळा रंगही होता.

"लोक निळ्यासाठी येतात, मुक्या," ती म्हणाली. चारचौघांत त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून लहानपणापासून ती त्याला मुक्याच म्हणे. "कशाला हात दाखवून अवलक्षण? नाव कमवायला अठरा वर्षं लागली. घालवायला एक सकाळ पुरेल."

"गेलं तर जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? त्यांनी विचारलं, हे लाल कुठून आलं, तर मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

ताईला हसूच आलं. आजवर सगळं तीच तर सांगत आली होती. मुलाखती, भाषणं, उद्घाटनं, सगळं तिच्याकडे. पाहुणे आले की तो मागच्या खोलीत ब्रश धुवत बसायचा. दोघांनी मिळूनच ठरवलेलं होतं ते, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात सुख होतं. तोंड लपवायला मिळालं की त्याचा हात छान चालायचा.

हे चित्र काढताना मात्र हात पावलोपावली अडला होता. म्हणूनच ते चित्र लपवायची त्याला लाज वाटत होती.

ताईने चित्राची चौकट धरली. "मीच फिरवते."

"ओलं आहे," तो म्हणाला. "आणि माझं आहे."

तेवढ्यात बेल वाजली.

"जा आत," ताई हळूच म्हणाली. दर वेळी तो मुकाट जायचा. आज तो सरळ बाहेरच्या दाराकडे गेला आणि लाल हातानेच त्याने कडी काढली.

संचालिकाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"तुम्ही भाऊ ना त्यांचे? चित्रकारबाई आहेत घरी?"

"ताई आहे," तो म्हणाला. "पण ती चित्रं काढत नाही. या, मी दाखवतो."