न हलणारा आकडा

“अगं, त्या पट्ट्याला काय विचारतेस? मला विचार की!” आई म्हणाली होती. सुकन्याने ते हसण्यावारी नेलं होतं. मनगटावरच्या पट्ट्यातून आईच्या हृदयाचे ठोके चिपळूणहून थेट तिच्या फोनवर येत. पाळणाघरातल्या तान्ह्या लेकीचेही येत. मग रोज फोन कशाला?

आज तिच्या गॅरेजमध्ये हाताखालचा इरफान वैतागला होता. “ताई, इंजिन उकळतंय आणि स्क्रीन म्हणते ऐंशी डिग्री. मघापासून ऐंशीच!”

सुकन्याने तापमानाच्या सेन्सरच्या वायरला मीटर लावला. व्होल्टेज शून्य.

“वायर तुटलीय रे. सेन्सर गप्प झाला, की गाडी आपल्या मनाने अंदाजाचा आकडा धरून चालते. रस्त्यात बंद पडायला नको ना.”

बोलता बोलता तिने सवयीने फोन पाहिला. लेकीचा आकडा खालीवर होत होता. आईचा बहात्तर. सकाळीही बहात्तरच होता. कालही.

तिने आईला फोन लावला, तो उचललाच गेला नाही. तिच्या सांगण्यावरून आईच्या शेजारच्या खोतकाकूंनी दार उघडलं, तेव्हा आई खुर्चीतच होती. अंग केव्हाच गार पडलं होतं. सुकन्याच्या फोनवर अजूनही बहात्तरच दिसत होता.

तुमच्याही फोनवर कुणी असंच छान, ठीकठाक असेल, तर आज त्यांच्या दाराशी जाऊन एकदा हाक मारा.