हललेला फोटो

गरुड नदीतून मासा उचलतो, तो क्षण टिपायला मी नऊ वर्षं दर हिवाळ्यात काठावर दबा धरून बसायचो. शेजारच्या घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन आमची ही. गरुडानं झेप घेतली रे घेतली, की हिचा हात माझ्या कोपरावर पडायचा. "अहो, आला, आला, बघा ना!"

झालं! फोटो हललाच. "अगं, बघतोच आहे, कोपर सोड!" मी दरवेळी खेकसायचो.

गेल्या वर्षी ही गेली. यंदा मी एकच खुर्ची नेली. पहिल्याच सकाळी असा फोटो मिळाला, की गरुडाची पिसं मोजून घ्यावीत. नखांतल्या माशाचा डोळासुद्धा लख्ख.

परवा भिंतीवर लावायला एक फोटो मोठा करून घ्यायला गेलो. स्टुडिओवाला स्क्रीनकडे बघत चाचरत म्हणाला, "काका, चुकून भलताच दिलात. हा तर पार हललाय. गरुड कुठला नि पाणी कुठलं, काही कळत नाही."



"ठाऊक आहे. हाच कर," मी म्हटलं. "हिचा हात लागलाय त्याला."