पुसलेला घोडा

फाटकवाला दार न वाजवताच आत आला आणि चित्रकारबाईने हातातला कुंचला खाली ठेवला. त्याच्या हातात पाकीट होतं. पाकीट आलं की चित्रातलं कोणीतरी जायचं.

चित्र तिनेच काढलेलं होतं. पहिलीच्या पुस्तकाचं पहिलं पान. मोडलेलं फाटक, टोपी टाकून पळणारा मालक आणि त्याच्यामागे धावणारी जनावरं. गिरणीच्या कामगारांनी मालकाला हाकललं आणि राज्य हाती घेतलं, ती हकिगत लहान मुलांना कळावी म्हणून तिची जनावरांची गोष्ट केली होती. कोणतं जनावर म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाडीवर उभा राहिलेला बैल म्हणजे पुढारी. पाठीवर ओझं घेतलेला घोडा म्हणजे तिचा दादा, गिरणीतला हमाल. आणि कुत्रा म्हणजे हा फाटकवाला. तो गिरणीचा पहारेकरी होता. त्या दिवशी त्यानेच कुलूप काढून कामगारांना आत घेतलं. "मला कुत्राच काढा," असं तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला होता. आता तो पुस्तक खात्याचा अधिकारी होता. 'साहेब' हा शब्द क्रांतीने बंद केला होता, तरी त्याला पाहिलं की लोकांच्या जिभेवर तोच यायचा.

कुंपणावर एक चिमणीही होती. ती म्हणजे ती स्वतः. हे तिने फक्त दादाला सांगितलं होतं. पण भिंतीलाही कान असतात.

पहिल्या पाकिटात घोडा होता. घोडा पुसून तिथे गवताची गंजी काढा, एवढाच हुकूम. तिला वाटलं, चित्रात गर्दी झाली असेल. तिने गंजी काढली, चित्र छापखान्यात गेलं आणि ती घरी आली. दादाची खोली सताड उघडी होती. कपातला चहा अर्धा तसाच होता. वहिनी उंबरठ्यावर बसली होती.

मग शेळी गेली. मग दोन बदकं. आधी चित्रातून, आणि चित्र छापखान्यात पोचलं की गावातून. शहाण्याला शब्दाचा मार. तिने कधी काही विचारलं नाही. चित्रात आता जनावरांपेक्षा गंज्याच जास्त झाल्या होत्या.

आज फाटकवाल्याने दाराला आतून कडी घातली. हे त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"चिमणी?" तिने विचारलं.

त्याने पाकीट पुढे केलं. ते फोडलेलं होतं. आतल्या कागदाची घडी उलगडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान वर केली.

कुत्रा पुसून तिथे गंजी काढा.

वरच्या कचेरीने ते त्याच्याच हाती धाडलं होतं. त्याची कॉलर घामाने भिजून मानेला चिकटली होती. तो तिच्याकडे नव्हे, रंगाच्या बाटल्यांकडे पाहत होता.

"या कामाला किती वेळ लागतो?" त्याने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत होतं."

"बायको आणि पोरगी आहे मला. त्यांना सरहद्दीपलीकडे पोचवायला तीन दिवस लागतात." तो थांबला. "ताई, तेवढं लांबवता येईल का?"

इतक्या वर्षांत त्याने तिला 'बाई' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. दोघंही जागच्या जागी थिजली. पावलं दारापाशी आली, वरच्या मजल्याकडे गेली.

"दादाच्या वेळी तुम्हाला आधी माहीत होतं?" तिने हळूच विचारलं.

त्याने भिजलेली कॉलर मानेपासून सोडवली. मग म्हणाला, "होतं."

तिने पांढऱ्या रंगाची बाटली हातात घेतली. हुकूम आल्या दिवशी पाळायचा असतो. उशीर झाला तर पुढच्या पाकिटात चिमणी येणार, हे तिला समोर दिसत होतं. तरी बाटलीचं झाकण तिने घट्ट लावून टाकलं.

"दादाला मी एका दिवसात पुसलं," ती म्हणाली. "तुम्हाला पुसायला चार दिवस लागतील."