चुकलेला गोफ

“बाई, बघा, आठही रिबिनी तुम्ही बांधायचात तशाच बांधल्यात,” स्टेजवरच्या कडीकडे बोट दाखवत मी म्हणाले. पहिल्या रांगेत बसवलेल्या केळुसकरबाई नुसत्या हसल्या. आम्हा सगळ्यांची नावं त्या गेल्या वर्षभरात विसरल्या होत्या.

तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलींना गोफ विणायला शिकवलं. एक पाऊल चुकलं तरी पेटी थांबवून ओरडायच्या, “सोडवा सगळं! पुन्हा पहिल्यापासून!”

आम्ही माजी विद्यार्थिनी नाचू लागलो. गोफ अर्धा विणून झाला, तेव्हा मी मुद्दाम आतून जायच्या ऐवजी बाहेरून गेले. रिबिनींचा गुंता झाला, मैत्रिणी थबकल्या. एकदा तरी ओरडा, बाई, असं मनात म्हणत मी त्यांच्याकडे पाहिलं.

बाई कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या.